आउटबोर्ड इंजिन वर उचलताना आवाज का येतो? पॉवर ट्रिम-टिल्टची तपासणी, सोप्या भाषेत

ऑगस्ट संपत आला की मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पावसाळ्यासाठी शाकारून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्याकडे निघतात. मे महिन्याच्या अखेरीपासून बंद असलेली जलक्रीडा आणि पर्यटकांची ने-आण सप्टेंबरात सुरू होते, आणि तीन महिने झाकून ठेवलेली इंजिने एकाच आठवड्यात चालवून पाहिली जातात. बहुतेक इंजिने सुरूही होतात. तक्रार निघते ती वेगळ्याच ठिकाणी. कंट्रोलच्या दांड्यावरचे बटण दाबून इंजिन वर घ्यायला जावे, तर मागून घरघर, करकर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो. इंजिन कधी अडखळत उचलले जाते, कधी जागचे हलतच नाही. एक मेकॅनिक सांगतो पंप गेला, दुसरा म्हणतो ऑइल घाला, तिसरा पूर्ण संच बदलायला सांगतो, आणि हंगाम तोंडावर असल्यामुळे मालक जो उपाय आधी सुचेल तो करून मोकळा होतो.

ही घाई महागात पडते. इंजिन उचलणाऱ्या या यंत्रात आवाजाची कारणे बरीच असली तरी ती वेगवेगळी करता येतात, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक कारणे थोडे ऑइल, ग्रीस, काचकागद आणि एक साधा मीटर एवढ्यावर सुटणारी असतात. त्यासाठी यंत्र आतून कसे चालते हे थोडक्यात समजून घ्यावे लागते.

ट्रिम म्हणजे काय, टिल्ट म्हणजे काय

आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेले असते. बोट वेगात असताना ते काही अंशांनी पुढे-मागे कलते करणे म्हणजे ट्रिम. इंजिनाचा पाय, म्हणजे पंखा असलेला पाण्यातला खालचा भाग, फळीकडे ओढून घेतला की बोटीचे नाक खाली दबते आणि सुटताना बोट पटकन पाण्यावर येते. पाय थोडा बाहेर काढला की नाक उचलले जाते, पाण्याला घासणारा भाग कमी होतो आणि त्याच इंधनात बोट हलकी धावते. पाय फारच बाहेर गेला तर बोट उड्या मारू लागते आणि पंखा पाण्याऐवजी हवा कापतो. टिल्ट म्हणजे इंजिन पुरते वर उचलणे, इतके की पंखा पाण्याबाहेर यावा. ट्रिमचा पल्ला साधारण वीसेक अंशांचा असतो आणि त्यापुढे सुमारे सत्तर अंशांपर्यंतचा भाग टिल्टचा.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे पट्टे ओहोटीला उघडे पडतात, भरतीला झाकले जातात आणि पावसाळ्यानंतर आपली जागाही बदलतात. अशा पाण्यात बोट चालवणाऱ्याला टिल्टची गरज दिवसातून अनेकदा पडते. उथळ पाण्यात इंजिन थोडे वर घेऊन, थंड पाणी ओढणारी जाळी मात्र पाण्याखाली ठेवून, सावकाश पुढे सरकावे लागते. त्याच क्षणी यंत्राने दगा दिला तर पंखा वाळूत रुततो, पाण्याबरोबर वाळू इंजिनात ओढली जाते आणि बोटीत बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून या आवाजाकडे केवळ कटकट म्हणून पाहू नये.

छोट्या मच्छीमार होड्यांवरची बरीच इंजिने हाताने उचलायची असतात, त्यांना हे यंत्रच नसते. पण ४० अश्वशक्तीचे इंजिन शंभर किलोच्या आसपास भरते आणि १५० अश्वशक्तीचे दोनशे किलोंच्या वर जाते. एवढे वजन चालत्या बोटीत हाताने उचलणे अशक्य, म्हणून मोठ्या इंजिनांना विजेवर चालणारा तेलाचा जॅक जोडलेला असतो. आपल्याकडचे मेकॅनिक या सगळ्या यंत्राला सरसकट जॅकच म्हणतात, आणि कामाच्या दृष्टीने ते बरोबर आहे.

आत काय काय असते

बटण दाबल्यावर एक रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह सुरू करणारा स्विच, ओढला जातो आणि टक् असा आवाज होतो. बॅटरीतली १२ व्होल्टची वीज एका लहान मोटरकडे जाते. या मोटरच्या खाली दोन छोट्या दात्यांच्या चाकांचा पंप असतो. तो टाकीतले ऑइल ओढून सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडरमधला दांडा बाहेर येतो आणि इंजिन उचलले जाते. खाली आणायचे बटण दाबले की वीज उलट दिशेने वाहते, मोटर उलटी फिरते आणि ऑइल दांड्याच्या दुसऱ्या बाजूला जाते. वर नेणारी आणि खाली आणणारी मोटर एकच, पंपही एकच. दोष शोधताना ही गोष्ट फार कामाला येते.

पंप आणि सिलिंडर यांच्यामध्ये काही झडपा असतात. एक जात परत न येऊ देणाऱ्या झडपांची: त्या इंजिनाला उचललेल्या जागी धरून ठेवतात. दुसरी जात दाब मर्यादेबाहेर गेला की ऑइलला वाट करून देणाऱ्या झडपांची, ज्यांना रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. टिल्टच्या दांड्याच्या टोकाशी आणखी एक झडप असते, ती चालत्या बोटीचा पाय खडकाला किंवा ओंडक्याला आपटला तर उघडून इंजिनाला वर उसळू देते, म्हणजे धक्क्याने फळी फुटत नाही. शेवटी, बाजूला किंवा मध्यभागी एक स्क्रू असतो. तो सैल केला की वीज नसतानाही इंजिन हाताने वर-खाली करता येते. या स्क्रूकडे आपण पुन्हा येऊ, कारण अनेक तक्रारी त्याच्यापाशीच संपतात.

कोणता आवाज नेहमीचा समजावा

निरोगी जॅकही गप्प नसतो. बटण दाबताच एक टक्, मग सलग गूं असा आवाज, आणि इंजिनाची एकसारखी हालचाल, हे ठीक आहे. इंजिन पूर्ण वर किंवा पूर्ण खाली गेल्यावरही बटण दाबून ठेवले तर आवाज एकदम चढतो आणि रडल्यासारखा होतो. तो रिलीफ व्हॉल्व्हमधून जोराने निसटणाऱ्या ऑइलचा आवाज. बिघाड तो नाही, पण बटण सोडा असे सांगणारा आहे, कारण त्या अवस्थेत मोटर सर्वांत जास्त प्रवाह ओढते आणि लवकर तापते.

तीन दांड्यांच्या जॅकमध्ये आणखी एक बदल ऐकू येतो. सुरुवातीला दोन आखूड दांडे आणि मधला लांब दांडा मिळून इंजिन सावकाश ढकलतात. आखूड दांड्यांचा पल्ला संपला की सगळे ऑइल एकट्या मधल्या दांड्याला मिळते, इंजिन झपाट्याने उचलले जाऊ लागते आणि मोटरचा सूर बदलतो. हा बदल अनेकांना बिघाड वाटतो. दर वेळी तो त्याच उंचीवर येत असेल आणि आधीच्या हंगामातही येत असेल, तर त्याला हात लावू नये.

आधी दोन प्रश्न

आवाज कानाला कसा लागतो यावर भर देऊन निदान करणे अवघड असते, कारण एकाला घरघर वाटते ते दुसऱ्याला करकर वाटते. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. आवाज येत असताना इंजिन हलते का? आणि बटण सोडल्यावर, इंजिन हाताने हलवले तरी तो आवाज येतो का?

मोटर फिरते, आवाज मोकळा आणि चढा येतो, पण इंजिन हलत नाही, तर ताकद तयार होऊनही पोहोचत नाही असा अर्थ होतो. स्क्रू सैल आहे, ऑइल नाही, किंवा मोटर आणि पंप यांना जोडणारा तुकडा तुटला आहे. मोटर दबक्या आवाजात कण्हते आणि इंजिन रेंगाळत उचलले जाते, तर विजेची कमतरता किंवा कुठेतरी अडकलेले सांधे. नुसतेच टक् टक् ऐकू येते आणि मोटर फिरत नाही, तर रिलेपर्यंत सारे ठीक, त्यापुढे बिघाड. इंजिन हलते पण थरथरत, धक्के देत, आणि आवाज फुटका येतो, तर ऑइलमध्ये हवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर जॅक निर्दोष आहे; आवाज लोखंडाच्या सांध्यांचा आहे.

फक्त एकाच दिशेला अडचण असेल तर काम आणखी सोपे होते. वर नेताना मोटर फिरते आणि खाली आणताना फिरतच नाही, तर मोटरला दोष देऊ नये, कारण मोटर एकच आहे. रिले, बटण किंवा त्या बाजूची तार तपासावी. बऱ्याच इंजिनांत दोन्ही रिले एकसारखे असतात, त्यांची अदलाबदल करून पाहिली आणि बिघाडाची दिशा बदलली की दोषी सापडला. मोटर दोन्हीकडे फिरते पण इंजिन एकाच दिशेला हलते, तर मात्र आतली झडप अडकली असण्याचा संभव मोठा.

हात लावण्याआधी

तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या इंजिनाखाली हात, डोके किंवा गुडघा घालू नये. इंजिन पूर्ण वर घेऊन त्याचा टेकूचा खटका लावावा, आणि जॅकचे काम करायचे असेल तर त्याशिवाय दणकट लाकडी ठोकळा किंवा वरून दोर बांधावा. हाताने उचलण्याचा स्क्रू, इंजिन वर असताना, आधाराशिवाय कधीही सैल करू नये. शंभर-दीडशे किलोंचे वजन तेव्हा थेट खाली येते. किनाऱ्यावर घाईत काम करणारी मुले हा नियम मोडताना दिसतात, म्हणून तो इथे ठासून सांगणे भाग आहे.

पहिली तपासणी: तो स्क्रू

पावसाळ्यापूर्वी बोट वाळूवर ओढताना बॅटरी आधीच काढलेली असते, म्हणून कोणीतरी स्क्रू सैल करून इंजिन हाताने उचलते. तीन महिन्यांनी ही गोष्ट कोणाच्याच लक्षात राहत नाही. बटण दाबले की मोटर झकास फिरते, पंप ऑइल ढकलतो आणि ते त्या उघड्या वाटेने टाकीत परत येते. इंजिन हलत नाही, किंवा थोडे उचलून सावकाश बसते. स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नीट बसेपर्यंत आवळावा. फार जोर लावू नये, कारण आतले टोक दबले तर तो कायमचा गळू लागतो. रात्री वर ठेवलेले इंजिन सकाळी खाली आलेले दिसत असेल, तरीही पहिली शंका याच स्क्रूची आणि त्याच्या रबरी कड्याची घ्यावी.

हवा धरल्यावर काय होते

विहिरीवरचा पंप हवा धरतो तेव्हा काय होते हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोटर फिरते, आवाज बदलतो, पाइप थरथरतो, पाणी येते ते थुंकल्यासारखे येते किंवा येतच नाही; आणि पंपात पाणी भरून हवा काढून टाकली की तोच पंप पुन्हा सुरळीत चालतो. इंजिनाच्या जॅकमध्ये नेमके हेच घडते. ऑइल दाबले तर आक्रसत नाही, म्हणून पंपाने ढकललेला प्रत्येक थेंब दांड्याला तेवढाच पुढे सारतो. हवा मात्र आक्रसते आणि पुन्हा फुगते. बुडबुडे असलेले ऑइल पंपाच्या दात्यांमध्ये दबते आणि बाहेर पडताना फुटते. तीच ती घरघर. इंजिन उचलताना थांबत-थांबत झटके देते, आणि उचललेल्या इंजिनावर हाताने दाब दिला तर ते स्पंजासारखे थोडे खाली जाऊन वर येते.

हवा आत शिरते कुठून? टाकीतले ऑइल कमी झाले की पंपाचे तोंड उघडे पडते आणि तो हवा ओढतो. ऑइल कमी होते ते गळतीमुळे, म्हणजे दांडा जिथे सिलिंडरमधून बाहेर येतो तिथल्या सीलमधून. बारकाईने पाहिले तर दांड्याच्या तळाशी ऑइलचा पातळ, धूळ धरलेला वर्ख दिसतो, आणि बोट पाण्यात असेल तर मागे इंद्रधनुषी तवंग. दांड्यावर मिठाचे खडे, शंखांची पुटे किंवा गंजाचे ठिपके असतील तर इंजिन वर-खाली होताना ते दर वेळी सील ओरखडतात. म्हणून ऑइल भरून आवाज थांबला तरी गळती शोधल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

पंपाला ऑइल पुरत नाही याचे आणखी एक कारण म्हणजे त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने बुजणे. तेव्हा टाकी भरलेली असूनही पंप उपाशी राहतो आणि आवाज बारीक, किंचाळता होतो. ऑइल काळे किंवा गाळकट निघाले तर ही शंका धरावी.

ऑइल कसे पाहावे, कसे भरावे

ऑइल नेहमी इंजिन पूर्ण वर असताना पाहावे. कारण असे की इंजिन वर असताना दांडे सिलिंडरच्या बाहेर आलेले असतात, त्यांनी सोडलेली जागा ऑइलने भरून काढलेली असते आणि टाकीत ऑइल कमीत कमी उरलेले असते. त्या अवस्थेत पातळी टाकीच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवी. इंजिन खाली असताना बूच उघडले तर दोन चुका होतात: पातळी खोटी जास्त दिसते आणि आत दाब असल्यास ऑइल उसळून तोंडावर येते.

बुचाभोवतीची वाळू आणि मीठ आधी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून घ्यावे. वाळूचा एक कणसुद्धा झडपेच्या बैठकीवर बसला तर ती झडप गळते. बूच हळूहळू फिरवावे, दाब निघू द्यावा, मग काढावे. ऑइल ओतून ते भोकातून किंचित बाहेर येऊ लागले की थांबावे, बूच लावावे आणि इंजिन पूर्ण खाली आणून पुन्हा पूर्ण वर न्यावे. असे तीन-चार फेरे करावेत, मध्ये काही मिनिटे थांबावे म्हणजे बुडबुडे टाकीत वर येतात, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर इंजिन वर असताना पातळी पुन्हा पाहावी. मोटर सलग चालवण्यासाठी बनवलेली नसते; हाताला गरम लागली की तिला निवू द्यावे. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात घरघर कमी होत जाते आणि इंजिनाची हालचाल सलग होते.

कोणते ऑइल, हा वादाचा मुद्दा आहे. यामाहा आणि सुझुकीच्या पुस्तिकांमध्ये डेक्स्रॉन जातीचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत घालतात ते पातळ, बहुधा लाल रंगाचे ऑइल सांगितलेले असते. मर्क्युरी स्वतःचे वेगळे ट्रिम ऑइल सांगते. आपल्या इंजिनाची पुस्तिका काय म्हणते ते पाहावे आणि तेच वापरावे. गाडीचे ब्रेक ऑइल मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घालू नये. ते दिसायला पातळ आणि स्वच्छ असते, पण त्याची जात वेगळी आहे. साध्या ऑइलसाठी बनवलेली रबरी सील त्यात फुगतात आणि मऊ पडतात. दोन-चार आठवडे बरे चालून मग सगळीकडून गळणारा जॅक हा बहुधा अशाच उपायाचा परिणाम असतो.

दुधाळ ऑइल

बूच काढल्यावर बोटाला लागणारे ऑइल स्वच्छ असेल तर पुढे जावे. ते चहात दूध पडल्यासारखे गढूळ, गुलाबीसर पांढरे दिसत असेल तर त्यात पाणी आहे किंवा हवा घुसळली गेली आहे. हे दोन वेगळे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे थोडे ऑइल काचेच्या बाटलीत काढून ठेवणे. हवेचा फेस काही वेळात निवळतो; पाण्याने दुधाळ झालेले ऑइल बराच वेळ तसेच राहते आणि शेवटी तळाशी पाणी साचते.

खारे पाणी शिरले असेल तर वरून ऑइल भरून भागत नाही. सगळे ऑइल काढून, नवे भरून, फेरे मारून, पुन्हा काढून, दुधाळपणा जाईपर्यंत बदलावे लागते, आणि पाणी शिरलेले सील बदलावे लागते. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये. पंपाची चाके आणि झडपांच्या बैठका पोलादी असतात, मिठाच्या पाण्यात त्यांना गंज चढायला वेळ लागत नाही, आणि एकदा त्यांवर खड्डे पडले की दुरुस्ती संपते, फक्त बदलणे उरते.

कण्हणारी मोटर आणि उपाशी तारा

आता विजेकडे. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर पंपाच्या नावाने बदलले जाणारे बरेच संच खरे तर विजेच्या दोषाचे असतात. ही मोटर दिव्यापेक्षा किंवा भोंग्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते, म्हणून दिवे पेटतात, भोंगा वाजतो, याचा अर्थ बॅटरी जॅकला पुरेशी आहे असा होत नाही.

पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. खरी परीक्षा बटण दाबलेले असतानाची. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने मीटर आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग मोटरला जाणाऱ्या दोन जाड तारांच्या टोकांवर लावावा. बॅटरीवर समजा ११.८ दिसले आणि मोटरवर जेमतेम १०, तर मधल्या वाटेवर जवळजवळ दोन व्होल्ट नाहीसे होत आहेत. ते एखाद्या सांध्यात उष्णता होऊन जातात. तो सांधा हाताला गरम लागतोही. दोन्ही ठिकाणी सारखेच कमी दिसले तर बॅटरी जुनी किंवा अर्धी भरलेली.

तारेचे टोक उघडून पाहिले की कोकणातल्या हवेने काय केले ते कळते. बोल्टाखालच्या गोल टोकावर हिरवट पांढरी पूड साचलेली असते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे वरचे प्लास्टिक अगदी धड, पण दोन बोटे सोलले तर आतली तांब्याची तार लालसर न राहता काळी पडलेली. खारट ओल तारेच्या बारीक केसांमधून आत चढत जाते. अशी तार काचकागदाने घासून उपयोग नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून, नवे टोक दाबून, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. जमिनीची, म्हणजे निगेटिव्ह बाजूची तारही तितकीच तपासावी, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

वीज पुरेशी पोहोचते आणि तरी मोटर कर्कश खरखरते, तर मोटर उघडावी लागते. आत कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणारे तुकडे, झिजलेले, बेअरिंग गंजलेले किंवा सीलमधून शिरलेल्या पाण्याने तळाशी लाल चिखल झालेला सापडतो. कार्बन आणि बेअरिंग बदलता येतात. आतले वेटोळे जळाले असेल तर मोटर बदलणे बरे. मोटर मोकळी, वेगाने फिरते पण ऑइल ढकललेच जात नाही, स्क्रू घट्ट आहे आणि टाकी भरलेली आहे, तर मोटर आणि पंप यांच्यामधला जोडतुकडा झिजला असावा. वस्तू लहान असते, पण तो मिळेल की पूर्ण पंपच घ्यावा लागेल हे मॉडेलवर अवलंबून असते.

सांध्यांची करकर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. स्क्रू सैल करून, दोघांनी धरून, इंजिन हाताने सावकाश वर-खाली केले आणि तरीही दरवाजाच्या बिजागरीसारखी करकर आली, तर ऑइल, पंप, मोटर सगळे बाजूला ठेवावे. इंजिन ज्या आडव्या नळीवर झुलते ती नळी, तिच्यातले बुश आणि दांड्यांच्या टोकांच्या खिळी कोरड्या पडल्या आहेत. या ठिकाणी ग्रीसचे निपल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडे, असतात. पाण्यात टिकणारे ग्रीस पंपाने भरावे, आणि जुने, काळे, खारट ग्रीस बाजूने बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. निपलमधून ग्रीस आत जातच नसेल तर जुने ग्रीस आत दगड झालेले असते. निपल काढून, साफ करून, थोडे पातळ ऑइल सोडून इंजिन हलवत राहावे लागते.

कोरडे सांधे जॅकचे कामही वाढवतात. मोटर जास्त प्रवाह ओढते, कण्हते, आणि मग विजेचा दोष वाटावा असे चित्र दिसते. म्हणून ग्रीस भरल्याशिवाय विजेच्या मोजणीवरही पुरता विश्वास ठेवू नये.

“उचलले जाते ना, मग आवाजाचे काय?”

हा प्रश्न हंगामात प्रत्येक बोटवाला विचारतो, आणि तो रास्त आहे. दिवसाला दहा फेऱ्या असताना आवाजासाठी बोट बाहेर काढायला कोणाचे मन होईल? उत्तर आवाजाच्या जातीवर अवलंबून आहे. टोकाला गेल्यावरचा चढा सूर किंवा सांध्यांची करकर असेल तर संध्याकाळपर्यंत थांबता येते. पण घरघर, झटके आणि स्पंजासारखी हालचाल असेल तर थांबू नये. हवा असलेला जॅक इंजिन उचलतो, धरून ठेवत नाही. रिव्हर्समध्ये टाकल्यावर पाय मागे वर उसळतो, बोट थांबवण्याची ताकद जाते, आणि धक्क्याजवळ किंवा पोहणाऱ्या माणसांजवळ हे घडले तर त्याचा परिणाम सांगायला नको.

“पूर्ण संचच बदलला तर कटकट मिटेल”

मिटेलही, पण कारण तारेत असेल तर नवा संचही काही दिवसांत कण्हू लागतो, आणि खर्च झाल्यावर कोणी तारेवर संशय घेत नाही. नवा संच घेण्याची वेळ येते ती पंपाची चाके किंवा झडपांच्या बैठका गंजल्यावर, दांड्यांवर खोल खड्डे पडल्यावर, किंवा ऑइलमध्ये धातूची चमकणारी पूड सापडल्यावर. ही पूड पाहायची असेल तर काढलेले ऑइल पांढऱ्या कापडावर गाळावे आणि कापड उन्हात धरावे. त्याआधीच्या सगळ्या अवस्थांमध्ये सील, ऑइल, कार्बन, तारा आणि ग्रीस यांवर काम भागते. मेकॅनिकने संच बदलायला सांगितला तर त्याला एवढेच विचारावे: बटण दाबलेले असताना मोटरवर किती व्होल्ट येतात ते पाहिले का, आणि ऑइलचा रंग काय होता? जाणता मेकॅनिक या प्रश्नांवर रागावत नाही.

इंजिन वर ठेवावे की खाली?

पाण्यात नांगरलेल्या बोटीचे इंजिन वर ठेवावे लागते, नाहीतर पायावर आणि पंख्यावर शंख धरतात. पण त्यामुळे जॅकचे दांडे बाहेर येऊन खारट हवेत उघडे राहतात. उपाय असा की रोज काम संपल्यावर दांड्यांवर गोडे पाणी ओतावे आणि कापडाने पुसून घ्यावे. बोट जमिनीवर, पावसाळाभर ठेवायची असेल तर इंजिन सरळ खाली ठेवावे. दांडे सिलिंडरमध्ये सुरक्षित राहतात आणि इंजिनात अडकलेले पाणीही निथळून जाते.

मे महिन्यात बोट शाकारण्यापूर्वी सांध्यांना ग्रीस भरावे, ऑइलचा रंग पाहावा, बॅटरी काढून घरात चार्ज करून ठेवावी, तारांची टोके साफ करून त्यांवर ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि जॅकच्या खाली बसवलेला जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा निम्म्याहून अधिक झिजला असेल तर बदलावा. तो तुकडा स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतो, त्यामुळे त्याला चुकूनही रंग लावू नये. स्क्रू सैल करून इंजिन हाताने बसवले असेल तर ते तिथेच, इंजिनाच्या टोपणावर, खडूने लिहून ठेवावे.